टोचणी

अर्ज हाताने लिहिलेला होता, अक्षर सुरेख.
हाताने अर्ज हल्ली लिहितं कोण,
म्हणून मान वर करायच्या आधीच मी ठरवलं होतं, हीच.
मिताली जल्मी, डी. फार्म., राहणार माशेल,
स्वतःची स्कूटर, कोंकणी मराठी हिंदी इंग्लिश.
मग मान वर केली.

डाव्या भुवईत कडी.
डावीकडचे केस मशीन फिरवून उडवलेले,
उजवीकडचे खांद्यावर, मोरचुदाच्या रंगाचे.

मी चष्मा पुसला
आणि तेच म्हणाले, जे फोंड्याच्या वरच्या बाजारातलं
कुठलंही दुकान म्हणालं असतं:
"म्हजें कांय ना गो. गिरायकां आसतात."

माझं काही नाही.
केवढं सोयीचं वाक्य, गिऱ्हाइकांच्या पाठीमागे दडून बोलायचं!
साखरेच्या गोळ्या नेणारे पेन्शनर,
मंगेशीहून उतरून जुलाबाचं औषध विचारणारे प्रवासी,
डॉक्टर प्रभुगावकरांची चिठ्ठी मुठीत धरून येणाऱ्या बायका,
सगळ्यांना मी साक्षीला उभं केलं.
एकालाही विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, "कडी आज काढते. केसांना वेळ लागेल."
"तोवर आत बस," मी म्हणाले, "माल लावायला."
फ्रीजजवळ एक स्टूल आहे,
त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठा मीच घातलेला, कधीचा.

मुदत संपलेल्या गोळ्या तिने तीन दिवसांत वेगळ्या काढल्या,
मला दोन वर्षं जमलं नव्हतं.
एका दुपारी आतूनच ओरडली,
"बाई, त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत,
वर ही दुखण्याची देऊ नका!"
म्हातारा काउंटरवरून वाकून बघू लागला. कोण बोललं?
"आतली मुलगी," मी म्हणाले.

त्या रात्री शटर ओढलं, कुलूप लावलं
आणि हात उगाच नाकाशी गेला.
तिथे भोक होतं.
सातव्या वर्षी शेटीने टोचलं, मला धरून ठेवून,
तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, पण मग आवडायला लागलं,
हिरव्या खड्याची चमकी होती.
यांच्या बाराव्याला जाऊबाई वाटी घेऊन आल्या, रिकामी.
"आमचें कांय ना गो. लोक आसतात."
मंगळसूत्र, बांगड्या, चमकी, सगळं वाटीत वाजलं.
दुकान यांचं होतं. काउंटरवर दीर बसले, दीड वर्ष.
मी आत.

हे मी मितालीला सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.
सोमवारी सांगेन म्हटलं, मग चतुर्थीची गर्दी आली, मग राहिलंच.

वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत लागली ती.
तिथे सगळ्यांनाच टोपी, मास्क, वर चष्मा,
केस कुणाचे कसे, कुणालाच दिसत नाही.
उरलेला पगार न्यायला आली तेव्हा भुवईवर रक्ताचा ठिपका.
"भोक बुजत आलं होतं, बाई. कडी पुन्हा घातली, जरा लागलं."
मी कापूस दिला, स्पिरिट दिलं.
तिने सुटे पैसे काढले.
मी घेतले नाहीत.
म्हणजे, हात आधी पुढे झाला होता,
मग मागे घेतला.

संध्याकाळी पुठ्ठ्यावर लिहायला बसले:
काउंटरसाठी मुलगी पाहिजे.
पुढचा शब्द दरवेळचा, नीटनेटकी.
हाताने तो लिहूनही टाकला.
खोडला.
दोनदा आडवी रेघ मारली
तरी रस्त्यावरून वाचता येतो.